पाठीवरचं नाव

लोटन पाटलांनी अट घातली तेव्हा घरातलं कोणीच हसलं नाही. खरं म्हणजे ती अट हसण्यासारखीच होती. भूमिकानं शहाद्याच्या शर्यतीत धावायला त्यांची ना नव्हती. पाठीवर आईचं नाव लावायलाही त्यांनी बऱ्याच घासाघिशीनंतर होकार दिला. फक्त एकच, मग पोरीनं सगळ्यात शेवटी पळायचं.

"सगळासना मांगे ऱ्हाय," ते म्हणाले. "मांगे कोनी नही, म्हंजे वाचनारबी कोनी नही."

असला तोडगा काढायला माणूस मुरलेला पंच असावा लागतो, आणि कळसाडीत लोटन पाटील पंचच होते. बांधाची भांडणं, पाण्याच्या पाळ्या, भावाभावांच्या वाटण्या, सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं आणि दोन्ही बाजू अर्ध्या-अर्ध्या खूश होऊन घरी जायच्या. आता घरच्याच मामल्यात त्यांनी तीच करामत केली होती. लेकीनं आईचं नाव लावायचं राहिलं नाही आणि लोकांना ते दिसणारही नाही.

भूमिकाचा संताप संताप झाला. ती तालुक्यात पळण्यात कोणाला ऐकणारी नव्हती. कॉलेजात असताना तिनं आणलेले कप अजून धान्याच्या कोठीवर धूळ खात पडले होते. आणि आता तिनं ढेरपोट्या शेठलोकांच्याही मागून रमतगमत यायचं! तिनं आईकडे पाहिलं. धनुबाई खाली मान घालून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. आईची मान वर झाली नाही, तेव्हा भूमिकानं हो म्हटलं.

शहाद्यातलं एक मंडळ दर जानेवारीत ही शर्यत भरवायचं. प्रवेशाचे पैसे स्तनाच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला जायचे. धावणाऱ्याला पाठीवर टाचायला एक गुलाबी कापड मिळे, त्यावर छापलेलं असे 'यांच्यासाठी', आणि खाली मोकळी जागा. गेल्या वर्षी भूमिका ती जागा मोकळीच ठेवून धावली होती. नाव होतं, पण लिहायची चोरी होती.

झालं होतं असं. कापूस वेचताना बायका खांद्यावरून छातीवर आडवा पट्टा घेऊन झोळी बांधतात. झोळी भरत जाते तसा पट्टा रुतत जातो, त्याखालचं अंग ठणकतं, कधी कडकही लागतं, आणि त्याचं कोणी काही मानत नाही. धनुबाईला डाव्या बाजूला काहीतरी कडक लागलं तेव्हा तिनंही तो दोष पट्ट्यालाच दिला. सोबतच्या बायकांनी पट्टा उजव्या खांद्यावरून घे म्हणून सांगितलं. तिनं तो घेतला आणि आख्खा हंगाम तसाच काढला. ठणका पट्ट्यामुळे नव्हता हे सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोवर उशीर व्हायला लागला होता.

ऑपरेशन झालं, केस गेले, परत आले. गावाला मात्र सांगितलं, पित्ताशयात खडा झाला होता. हा शब्दही लोटन पाटलांनीच शोधून काढलेला. खरं सांगितलं असतं तर दोन अडचणी आल्या असत्या. पहिली म्हणजे बाईमाणसाच्या त्या अवयवाचं नाव चारचौघांत घ्यावं लागलं असतं. आणि दुसरी, जास्त अवघड, की जे आईला झालं ते लेकीलाही होणार, असं लोक बोलले असते. भूमिकाची सोयरीक तेव्हा नुकतीच ब्राह्मणपुरीच्या भूपेंद्रशी जुळत होती. आता साखरपुडा होऊन गेला होता, वैशाखात लग्न होतं, आणि भूपेंद्रची आई रेवाबाई अजूनही खडाच धरून बसली होती. तिनं तर त्या वेळी बिनतेलाची खिचडी करून डबा धाडला होता.

घरात रडायची सोय नव्हती, शेजारी ऐकू गेलं असतं. म्हणून भूमिकानं सोडलेलं पळणं पुन्हा धरलं. पहाटे पाटचारीच्या रस्त्यानं ती पळत सुटे आणि उसाच्या आडोशाला गेली की पळता पळता रडून घेई. संशोधनाचं तिला पटलं ते एका इंजेक्शनावरून. सुरतेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हे इंजेक्शन पूर्वी नव्हतंच. तुमच्या आजारासाठी कोणीतरी वर्षानुवर्षं खपून ते शोधलं. आधी आला असतात तर आम्ही नुसती मान हलवली असती." कोण कुठला माणूस, त्याला कळसाडी माहीत नाही, धनुबाई माहीत नाही, आणि त्याच्यामुळे आई आज चुलीपुढे बसून भाकरी थापते. हे भूमिकाच्या डोक्यातून जाईना. शिवाय डॉक्टरीणबाईंनी तिलाही बजावलं होतं, तू वर्षातून एकदा तपासून घेत जा. म्हणजे पुढचं जे काही कोणी शोधून काढील, ते कदाचित तिच्याच कामी येणार होतं. एवढं असून आईचं नाव लपवायचं, हे तिला काही केल्या गिळता येत नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी शहाद्याच्या मैदानावर ही गर्दी. मंडपात पुढच्या खुर्च्यांवर लोटन पाटील बसले होते, शेजारी रेवाबाई. तिचा मुलगाही धावणार होता ना! भूपेंद्रनं नवे बूट घातले होते आणि तो होणाऱ्या बायकोला दिसेल अशा बेतानं उड्या मारत होता. शिट्टी झाली. सगळे सुटले. भूमिका बुटाची नाडी बांधत बसली.

नाडी तिनं तीनदा बांधली. मग ती उठली आणि दोन दमलेल्या मास्तरांच्या मागे हळूहळू निघाली. तिच्या मागे फक्त ॲम्ब्युलन्स होती. तिचा ड्रायव्हर भटू खिडकीतून डोकं काढून रस्ता बघत होता, आणि बघण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे त्यानं तिच्या पाठीवरचं वाचलं.

"ताई, धनुबाई कोन व्हई?"

"मन्ही माय."

"आरेरे. कव्हय गयी?"

"कोठे गयी? घर शे! जित्ती शे!" भूमिका इतक्या जोरात ओरडली की पुढचे मास्तर दचकून चार पावलं खरंच धावले. भटू बिचारा ओशाळला. म्हणाला, आतापर्यंत जेवढी नावं वाचली ती सगळी गेलेल्या माणसांचीच होती, म्हणून विचारलं.

ती तशीच चालल्यासारखी पळत राहिली आणि तिला स्वतःची लाज वाटली. जिवंत आईला पाठीवर घेऊन आपण प्रेतयात्रेच्या चालीनं चाललोय, असं तिला वाटलं.

शर्यतीचा रस्ता शहराला वळसा घालून कळसाडीच्या फाट्यावरून जात होता. फाट्याला लागूनच पाटलांचं शेत. शेवटच्या वेचणीला आलेल्या बायका काम टाकून बांधावर उभ्या होत्या, आणि त्यांच्यात झोळी बांधलेली धनुबाई होती. तिला धावणाऱ्यांचं तोंड दिसलं नाही फारसं. तिनं पाठी पाहिल्या. चौथीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर तिनं एकेक नाव अक्षर लावून वाचलं, आणि त्यातली कितीतरी नावं तिच्या ओळखीची निघाली. कोणी तिच्या माहेरकडची, कोणी मामेबहिणीची जाऊ. अमकी तापानं गेली, तमकी पोटाच्या दुखण्यानं गेली, असं तिनं आजवर ऐकलं होतं. सगळ्यांनी तिच्यासारखंच काहीतरी दुसरं सांगितलं होतं. हे तिनं भूमिकाला नंतर सांगितलं. त्या वेळी भूमिकाला एवढंच दिसलं की आई बांध उतरून थेट डांबरी रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिलीय आणि तिच्या डोळ्यांत अंगार आहे.

"तू आठे काय करी ऱ्हायनी?"

"आप्पानी सांगेल शे ना, मांगे पय."

"आप्पाले ऱ्हाऊ दे." धनुबाईचा आवाज चढला. "नाव मन्हं शे का त्यासनं? मन्हं नाव लावीसन मांगे पयस? मी मरनू का?"

बांधावरच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. धनुबाई त्यांच्याकडे वळली. नवऱ्यासमोरही जो शब्द तिनं कधी उच्चारला नव्हता, तो ती भर रस्त्यात बोलली. "आयका वं बायासहो! माले पित्ताना खडा बिडा नही व्हता. छातीना कॅन्सर व्हता. काढी टाका. मी बरी शे. आनि हाई मन्ही आंडेर शे, मन्हा करता पयी ऱ्हायनी." मग तिनं लेकीच्या पाठीत, बरोबर त्या नावावर, एक सणसणीत थाप दिली. "पय आते!"

भूमिका पळाली. काय पळाली म्हणता! आधी मास्तर मागे पडले, मग शेठलोक, मग गुडघ्यावर हात टेकून उभी राहिलेली कॉलेजची पोरं. प्रत्येकाला ओलांडलं की तिला वाटे, याच्याही नजरेसमोर आता आईचं नाव आलं. मोठ्यानं हसू येत होतं आणि श्वास पुरवायचा म्हणून ती ते आवरत होती. नवे बूट चावल्यामुळे भूपेंद्र लंगडत होता. ती त्याच्या बाजूनं गेली तेव्हा त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"भूमिका! धनुबाई म्हंजे... तुन्ही माय?"

"हा! मांगे मांगे ये आनि वाच!" ती म्हणाली आणि गेली. पुढं गेल्यावर तिला वैशाखातलं लग्न आठवलं. मोडलं बहुतेक, तिला वाटलं. मोडलं तर मोडलं. पण वाईट वाटलंच, कारण भूपेंद्र तिला मनापासून आवडत होता.

सगळ्यात पुढे नवापूरची कामिनी होती, पोलीस भरतीची तयारी करणारी, लांब ढांगांची मुलगी. मैदानाच्या कमानीशी भूमिकानं तिला गाठलं, आत दोघी खांद्याला खांदा लावून शिरल्या, आणि शेवटच्या दोन ढांगांत भूमिका पुढे झाली.

टाळ्या, शिट्ट्या, ढोल. निवेदकाला नेमून दिलेलं भाषण म्हणायची घाई झाली होती. त्यानं भूमिकाला पाठमोरं उभं केलं, नाव वाचलं आणि आवाज खाली आणला. "विजेती धावली ती आपल्या आईसाठी. कैलासवासी धनुबाई लोटन पाटील यांच्या स्मृतीस दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

मंडप उभा राहिला. रेवाबाई उभी राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी होतं, कारण कालच ती आपल्या विहिणीशी फोनवर बोलली होती. भूमिका ओरडायला गेली, पण छातीचा भाता असा चालला होता की शब्द फुटेना. एकटे लोटन पाटील खुर्चीत बसून राहिले. गावाचे तंटे मिटवणाऱ्या माणसाला जन्मात पहिल्यांदा मधला मार्ग सापडत नव्हता. उभं राहावं तर बायको मेली, आणि न राहावं तर सगळं सांगावं लागणार.

"बठा खाले!" ते एकदम ओरडले. "आरे बठा! जित्ती शे ती! मन्ही बायको शे. तिले छातीना कॅन्सर व्हता, आते बरी शे, सकाये कापूस येचाले गयी!"

लोक गडबडून खाली बसले. कोणीतरी हसलं, मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग श्रद्धांजलीचा पार बोजवारा उडून सगळा मंडप टाळ्या पिटायला लागला. रेवाबाई तेवढी उभीच होती.

"याहीबोवा, तुम्हीन तं खडा सांगा व्हता."

"खोटं सांगं," लोटन पाटील म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पोरनं लगीन मोडी जाई, आसं वाटनं."

भूमिका जवळ आली आणि बापाच्या बाजूला उभी राहिली. रेवाबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माले भीती वाटस," ती सरळ म्हणाली. "वाटत नही, आसं काबरं सांगू? पन दवाखानामा मी विहीनजवय बसाले उनू असती. तुम्हीन माले खिचडी रांधाले लाई!" एवढ्यात तिचा मुलगा लंगडत कमानीतून आत आला. त्याच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आनि लगीन कसाले मोडसू? हाऊ देख, आते पोहची ऱ्हायना. त्याले बायको पयनारीच पायजे, नही तं दोन्हीजन आठेच बठी ऱ्हातीन."

भूपेंद्र पुरता घामाघूम होता. भूमिकाशी बोलायच्या आधी तो लोटन पाटलांच्या पाया पडला. म्हणाला, पुढच्या वर्षी पाठीवर हेच नाव लावून मीही धावणार, फक्त बूट जुने घालणार. भूमिका त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली आणि मग सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली. उसाचा आडोसा लागला नाही.

शेवटून आलेल्या मास्तरांच्या मागोमाग ॲम्ब्युलन्स मैदानात आली. तिच्यातून, भटूच्या शेजारच्या सीटवरून, धनुबाई उतरली. झोळी अजून खांद्यालाच होती. एवढी माणसं पाहून ती बावरली आणि कोणाकडे जावं ते न कळून तिथंच थांबली.

लोटन पाटील खुर्चीवरून उठले. त्यांच्याकडं नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायचं नसतं. 'ओ', 'आयकस का', फार तर 'भूमिकानी माय', यावर संसार पार पडतो. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक मारली, "धनुबाई!"

धनुबाईनं मागं पाहिलं, मग उजवीकडं पाहिलं. लग्नानंतर या आवाजात हे नाव तिनं एकदाही ऐकलं नव्हतं, त्यामुळे कोण हाक मारतंय ते तिला कळेना. लोटन पाटलांनी पुन्हा हाक मारली.