म्हातारीच्या पाठीवरचा पंजा

मी एक जुनी, चिडकी स्कूटर आहे. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, मित्रांनो. बाकी तुमच्यातल्याच कुणीतरी माझ्या सीटला ब्लेडने भोक पाडलंय, हे मी विसरलेले नाही. आज मला कुणाचंही कौतुक नको. मला राग आलाय आणि तो तुम्ही ऐकून घ्यायचा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथून मी आले ती थेट एका पोस्टमनच्या घरी. त्यांना घरात सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणते. बारा वर्षं मी त्यांच्यासोबत पत्रं वाटली. कुत्री अंगावर आली, खड्डे आले, पण मी हूं की चूं केलं नाही. त्या वेळी माझा निळा रंग असा चकाकायचा की शेजारची पोरं माझ्यात तोंड बघून भांग पाडायची.

पुढे मला थंडी सोसेना. इंजिन गार पडलं की मी हटून बसायचे. मग बाबांनी माझ्यासाठी एक खास औषध काढलं. मला डावीकडे झुकवायचं, पाच आकडे मोजायचे, सीटच्या मागे दोन चापट्या मारायच्या आणि मगच किक मारायची. झुकवण्याने थोडा फरक पडतो, हे मी मान्य करते. चापट्यांनी काडीचाही फरक पडत नाही! ती नुसती बाबांची खोड होती. जगातला कुठलाही मेकॅनिक तुम्हाला हे शिकवणार नाही. मित्रांनो, एवढं एक लक्षात ठेवा.

बाबा गेले आणि मी ताईची झाले. ताई घरातली मोठी मुलगी, वय बावीस. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. ती मला 'म्हातारे' म्हणायची. सकाळी मी हटून बसले की म्हणायची, "ऊठ गं म्हातारे, मालक माझी चटणी करतील!" मग झुकवणं, मोजणं, दोन चापट्या. तिची धाकटी बहीण दप्तर सांभाळत मागे बसायची आणि चापट्या मोठ्याने मोजायची. माझा एकच आरसा होता, डावा, आणि तो फुटला होता. "पुढच्या महिन्यात नक्की," असं ताई तीन वर्षं म्हणत होती. मी रागावत नव्हते. आता रागावते.

दुकानाला वीस वर्षं झाली म्हणून मालकांनी हॉलमध्ये पार्टी दिली. तिथला वॉचमन मोठा शिस्तीचा. सगळ्या दुचाकी भिंतीकडे तोंड करून लावायच्या, हा त्याचा कायदा. मीही भिंतीला नाक लावून उभी राहिले. संध्याकाळी सातला ताई बाहेर आली. मी गारठले होते. तिने तीन किका मारल्या. मी उठले नाही. हो, माझीच चूक. रोज एकदा तरी मी ती स्वतःला ऐकवते.

तेवढ्यात मागून आवाज आला. दुकानातला विक्रेता होता. तो सारखा दात काढायचा म्हणून ताईने त्याचं नाव हसऱ्या ठेवलं होतं.

"सरक, मी बघतो," तो म्हणाला.

"ती अशी नाही चालत. डावीकडे झुकव, पाच मोज, मागे दोन चापट्या मार," ताई हसत म्हणाली.

"गाडी आहे की सासू?"

पण त्याने सगळं केलं. त्याच्या हाताला केकचं क्रीम लागलं होतं. सीटच्या मागे पांढरा पंजा उमटला, पाचही बोटं स्पष्ट. मी तरीही उठले नाही.

"राहू दे, मी सोडतो घरी," तो म्हणाला. त्याच्या मोटारीचं दार लागलं. गाडी कुठल्या बाजूला वळली ते मी पाहिलं नाही. समोर भिंत होती आणि मागचं दाखवणारा आरसा नव्हता.

ताई घरी पोहोचलीच नाही.

सकाळी मामा मला ढकलत घरी घेऊन आला. पोलीस यायचे होते. आता या घराची एक सवय सांगते. कुणी येणार म्हटलं की आई आधी झाडू आणि फडकं हातात घेते. त्या दिवशीही तिने रडत रडत लादी पुसली, ताईचे कपडे धुतले आणि शेवटी साबणाचं पाणी घेऊन माझ्याकडे आली. "परक्या माणसांना घर गलिच्छ दिसायला नको," म्हणाली. तो पंजाही पुसला. मी ओरडले असते, पण माझा हॉर्नसुद्धा दाबल्याशिवाय वाजत नाही.

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं. हसऱ्या म्हणाला, "मी आत केक वाटत होतो. ती कधी गेली, बघितलंच नाही." शेजारच्या काकूंनी तर कमालच केली. "कपडे कसले घातले होते गं तिने? पार्ट्यांना जायचं म्हणजे असंच व्हायचं." काकू, तुम्हीही माझ्यावर बसून फुकट बाजारात गेला आहात. तेव्हाच पाडायला हवं होतं!

दोन वर्षं गेली. ताईचा पत्ता नाही. मी अंगणात गंजले. लोक चौकशी करायचे थांबले. धाकटी तेवढी दर रविवारी पोलीस चौकीत जायची. "काही कळलं?" एवढंच विचारायची आणि परत यायची.

मागच्या आठवड्यात हसऱ्या घरी आला. तेच दात.

"मावशी, ही म्हातारी कशाला ठेवून घेतलीय? मी घेऊन जातो. तुमच्याही डोळ्यांसमोरून जाईल."

आईने मान हलवली. बिचारी थकली होती. धाकटी पायरीवर बसून अभ्यास करत होती. हसऱ्याने मला धरलं. डावीकडे झुकवलं. ओठांतल्या ओठांत पाच मोजले. आणि सीटच्या मागे, त्याच जागी, दोन चापट्या मारल्या.

धाकटीच्या हातातलं पेन थांबलं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"काय?"

"चापट्या."

"अगं, जुन्या गाड्या अशाच चालतात."

"नाही चालत. हे फक्त आमच्या घरात चालतं. बाबांना, ताईला आणि मला माहीत आहे. ताईने तुम्हाला कधी सांगितलं?"

दात पहिल्यांदा आत गेले. "शाळेत जाऊन पोरी फार शहाण्या होतात," असं म्हणत तो फाटकाबाहेर पडला. मी त्याच्यासाठी उठले नाही. या वेळी मुद्दाम!

धाकटी धावत चौकीत गेली. "गाडीला चापटी मारणं हा गुन्हा आहे का?" पोलीस म्हणाला. पण ती बाकावरून हललीच नाही, तेव्हा कंटाळून का होईना, तो वही घेऊन घरी आला. फाटक वाजलं तशी आई आतून बादली आणि ओलं फडकं घेऊन निघाली. सवयच ती.

"आई, नको!" धाकटी ओरडली.

आई माझ्याजवळ येऊन थांबली. सीटच्या मागे बघत राहिली. फडकं तिच्या हातातून बादलीत पडलं.

"इथे पंजा होता," ती म्हणाली. "त्या सकाळी. पांढरा, केकसारखा चिकट. मला वाटलं कुणा पोराने केलंय. साहेब, मी पुसला तो. माझ्या हाताने पुसला."

"केक तर तो हसऱ्या आत वाटत होता ना?" पोलीस म्हणाला. मग त्याने वहीचं नवं पान काढलं.

ताई अजून सापडलेली नाही. सापडेल असं खोटं मी सांगणार नाही. धाकटीने मला डावा आरसा बसवून घेतला आहे आणि आता ती मला भिंतीकडे तोंड करून लावत नाही. मित्रांनो, मला धुऊ नका, पुसू नका, माझ्यावर दया करू नका. एखादी मुलगी घरी आली नाही, तर तिने काय घातलं होतं ते नंतर विचारा. आधी माझ्यासारख्यांकडे नीट बघा. हातातलं फडकं खाली ठेवून बघा.