किशनरावांचा एक गुण

स्मृतिभ्रंशाच्या औषधाची चाचणी पेडगावात चालली होती. कुणाला औषध, कुणाला नुसती खडूची गोळी, हे आकडे मांडणाऱ्या कोकिळालाही ठाऊक नव्हतं. त्यानं तिचा जीव कायम टांगणीला.

"आपल्या विद्यापीठाचं नाव काय?" तिनं किशनरावांना विचारलं.

मागच्या खेपेला जुनंच नाव सांगून चुकलेल्या म्हाताऱ्यानं आज नवं नाव न अडखळता, पुरं घेतलं. तिनं हरखून एक गुण मांडला.

त्यांच्या बायकोनं, धुरपताबाईंनी, मात्र कपाळाला हात लावला. "सोळा वर्सं नामांतराचं नाव काढणाऱ्याला ह्यांनी दारात उभं केलं न्हाई. आज सोताच घ्यायलेत. पार गेलं बाई ह्यांचं डोकं!"

कोकिळाची पेन्सिल अडली. गुण खोडावा तर उत्तर बरोबर. ठेवावा तर आजार वाढलेला.

"बरोबर सांगितलं ना, पोरी?" किशनराव लेकरागत हसले.