पंपावरची लाल रेघ

चिखला गावच्या चढावर जीप पांढरा धूर ओकू लागली. मागे बसलेले खाणमजूर खोकत खाली उतरले. जीप सत्यभामाची, चालवायचा गुलाब. गाडी जुनी, डिझेलची, पण चाबी फिरवली की सुरू व्हायची. आता स्टार्टर नुसता घरघरत राहायचा आणि चढावर दम उरायचा नाही.

गुलाबनं फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले. काही फरक पडला नाही. शेवटी मंगरू मिस्त्री इंजिनावर वाकला.

"डिझेल पंपाचं टायमिंग मागं गेलं, बाई. डिझेल उशिरा पडून राहिलं, म्हणून धूर. नट ढिले झाले अन् पंप जागचा फिरला."

"आपोआप फिरते?" सत्यभामानं विचारलं.

मंगरूनं पंप जागेवर आणून नट आवळले. "फिरते. अन् पाना लावून कोणी फिरवला तरी फिरते."

ते शेवटचं वाक्य सत्यभामाच्या डोक्यात रुतून बसलं. धनंजयची नवी गाडी याच रस्त्यावर मजुरांच्या खेपा मारू लागली होती. पानठेल्यावर तिनं गुलाबला त्याच्याशी बोलताना पाहिलं होतं, आणि ती जवळ येताच दोघंही गप्प झाले होते.

त्या संध्याकाळी गुलाब घरी गेल्यावर तिनं नेलपॉलिशची बाटली आणली आणि पंपावरून इंजिनापर्यंत एक सरळ लाल रेघ ओढली. पंप हलला तर रेघ तुटणार. मग बॉनेटला साखळी घालून कुलूप लावलं.

"कुलूप काहून, ताई?" सकाळी गुलाबनं विचारलं.

"बॅटऱ्या चोरी जाऊन राहिल्या गावात."

त्या दिवसापासून ती प्रत्येक खेपेला त्याच्या शेजारी बसू लागली. एकदा त्याचा फोन वाजला. "मंग बोलतो, आता ताई हाये," एवढंच म्हणून त्यानं तो ठेवला. 

आणि चढावर पुन्हा पांढरा धूर निघाला.

तिनं उतरून कुलूप काढलं. रेघेचे दोन तुकडे झाले होते, एक वर, एक खाली.

"या कुलपाची दुसरी चाबी कोणापाशी हाये, गुलाबभाऊ?"

गुलाबनं रेघेकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा हळूहळू उतरला. "मंगरूले बोलवा," तो एवढंच म्हणाला.

मंगरूनं या वेळी पंपाच्या मागे टॉर्च मारला आणि जीभ चावली. पंपाला मागून धरून ठेवणारी लोखंडी पट्टी तडकून दोन झाली होती. "इंजिन हादरलं का नट ढिले होते अन् पंप सरकते. मागच्या खेपेलेच मी पाहाले पाहिजे होतं, बाई."

नवी पट्टी बसली, टायमिंग लागलं. जीप चढ सहज चढू लागली. सत्यभामा गुलाबकडे वळली.

"मले वाटलं, धनंजयनं तुमाले..."

"बोलावत होता तो. रोज फोन करे. मी नाही म्हणून राहिलो होतो. तुमाले कायले घोर, म्हणून सांगितलं नाही."

खाणीच्या फाटकाशी मजूर उतरले. गुलाबनं इंजिन बंद केलं नाही.

"हा महिना चालवतो, ताई. मंग दुसरा डायव्हर पाहा."

"धनंजयकडे जाता?"

शब्द तिच्या तोंडातून निघून गेले होते. गुलाब नुसता हसला, आणि त्यानं गिअर टाकला.