बाणाला चिकटलेले केस

शनिवारी सकाळी धनुर्विद्येच्या क्लबला म्हणून गेलेला अतुल अकराला परतला, तो गुडघ्यापर्यंत चिखलात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या त्या क्लबात तर गुळगुळीत कापलेलं गवत! चिखल आला कुठून? त्याच्या बायकोने, वरदाने विचारलं.

"पार्किंग खराब होतं," म्हणत तो सरळ वर गेला.

तिने गुपचूप गाडीची डिकी उघडली. धनुष्याखाली टॉवेलात गुंडाळलेला बाण. त्यावर रक्त आणि पांढरे केस!

देवापुढे ठेवायचा नैवेद्य तिने तसाच झाकला आणि शेजारच्या चंद्रशेखरकाकांना बोलावलं. काका निवृत्त सर्जन. शेतकऱ्यांच्या रानात हरणं फार वाढली की परवान्याची रायफल घेऊन मचाणावर बसणारे.

काकांनी बाण हुंगला. चेहरा उतरला.

"अतुल, खाली ये!"

"काका, तो क्लबचा..."

"क्लबच्या टार्गेटला केस असतात होय रे? हे पोटाचे केस, वास आतड्याचा. हरीण कुठाय?"

अतुल जिन्यावरच बसला. "मित्राचं रान आहे, झाडावर मचाण. हरीण चालत होतं, तोंड माझ्याकडे. वाटलं, पुन्हा चान्स मिळणार नाही. बाण आरपार जाऊन मातीत रुतला आणि ते पळालं. सकाळी आठला."

"म्हणजे तीन तास तडफडतंय! धनुष्याने हरीण मारणं इथे गुन्हा आहे, माहीत होतं?"

"माहीत होतं," अतुल पुटपुटला.

"अरे, हातात रायफल असूनही मी बहुतेक वेळा ती खाली ठेवतो. हरीण बाजूने आडवं उभं हवं, स्थिर हवं, जवळ हवं, गोळी अडवायला मागे मातीचा उतार हवा. यातलं एक जरी नसलं तर रिकाम्या हाताने घरी यायचं. घाईत मी कधी कुणाच्या पोटावर सुरी चालवली का?"

"काका, बोलणं नंतर. आधी त्याला शोधा!" वरदाने गाडीची किल्ली उचलली.

मित्राची परवानगी घेऊन, काकांची रायफल आणि रक्ताचा माग काढणारी त्यांची कुत्री सोबत घेऊन तिघे निघाले. दुपारी ओढ्याकाठच्या झुडपात हरीण सापडलं. उठता येत नव्हतं, पण मान उचलून ते अतुलकडे बघत होतं. काकांनी एका गोळीत त्याला सोडवलं. अतुल ढसाढसा रडला!

रानातूनच त्याने स्वतः पोलिसांना फोन केला. तेव्हा कुठे घरी येऊन वरदाने नैवेद्यावरचं झाकण काढलं. दर शनिवारी ती अजून डिकी उघडून बघते, आणि अतुल स्वतःच तिच्या हातात किल्ली देतो.

वाचकहो, जीव घ्यायची वेळ आलीच, तर तो कायद्याने आणि क्षणात घेता येईल याची खात्री हवी. ती नसेल, तर हात आवरा. मचाणावरून रिकाम्या हाताने उतरण्यात काहीही कमीपणा नाही.