वजा बारा

"हलू नकोस. तू हललास की आकडा नाचतो."

थोरली फरशीवर पालथी पडून वजनकाट्याच्या काचेत बघत होती. काट्यावर तिचा बाबा उभा होता आणि बाबाच्या डाव्या कमरेवर धाकटी बसली होती.

"मी नाही हलत. ही हलतेय."

"मी नाय हलत," धाकटी त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणाली आणि हलली.

"एकशे पाच."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. कालही एकशे पाच, परवाही एकशे पाच. वजा बारा. त्र्याण्णव." थोरली उठली आणि गुडघे झटकले. "बाबा, काट्याला पण आता कंटाळा आला असेल."

बाबाला आकडा स्वतः वाचता यायचा नाही. मध्ये पोट होतं, आणि पोटाला वळसा घालून नजर खाली गेलीच तर तिथे धाकटीचे पाय लोंबत असायचे. धाकटीचं घरातलं नाव चिकटपट्टी. आई गेली त्या आठवड्यात ती बाबाला चिकटली ती निघालीच नाही. दात घासताना ती कमरेवर, दाढी करताना कमरेवर. एका हाताने अंडं फोडायची कला त्याने याच काळात साधली. सुरुवातीला वजन करण्यापुरतं तिला खाली ठेवून बघितलं होतं. तिने असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याने साथ धरली, आणि शेवटी ती काट्यावरच ओकली. तेव्हापासून तिच्यासकट वजन करायचं आणि बारा वजा करायचे असं ठरलं.

बाराचा आकडा आईने सांगितला होता. लस टोचून आणल्यावर पोरीला त्याच्या हातात देत ती म्हणाली होती, "बारा किलो झाली तुझी लेक. आता तूच उचल, माझी कंबर गेली."

ते त्यांच्या घरात पाठ झालं होतं.

बाबा रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायचा. गोल अंग आणि वर टक्कल, त्यामुळे दिवाबत्ती खात्यात त्याला बल्ब म्हणत. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. हल्ली कशाचंच काही वाटायचं नाही. वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. खांबातली लाइट बंद करून मग तार हातात धरावी, तसं सगळं चाललं होतं. तार हातात आहे एवढं कळायचं.

त्यातच खात्याने नवी गाडी घेतली. गाडीला लांब लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला दोन माणसं उभी राहतील एवढा पिंजरा. त्याला सगळे पाळणा म्हणायचे. जुन्या गाडीच्या पाळण्यात कोण किती खाऊन चढलाय याची चौकशी नसायची. नवी गाडी शिकलेली निघाली. वजन जास्त झालं की ती भोंगा वाजवायची आणि जागची हलायची नाही. पहिल्याच दिवशी भर बाजारात बल्ब पाळण्यात चढला आणि भोंगा असा वाजला की दुकानदार बाहेर आले. एका म्हातारीला वाटलं आग लागली, ती पिशवी टाकून पळाली. बल्ब उतरला, भोंगा थांबला. पुन्हा चढला, पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा जमलेल्या पोरांनीच तोंडाने वाजवला.

साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साहेब स्वतः खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मध्ये ठोकून बसवल्यासारखे दिसत, पण त्यांना पाळण्यात चढायचं नव्हतं.

"हे बघ, तुझा जोडीदार, अवजारं, पट्टे, सगळा हिशेब केलाय. तू नव्वदच्या आत ये. सहा महिने देतो. तोवर खाली उभा राहून ट्राफिक अडव."

"आणि नाही आलो तर?"

"स्टोअरला जागा आहे. बसून काम. चांगलंय की."

स्टोअर रात्री आठला सुटायचं. पाळण्याचं काम सकाळी लवकर सुरू होऊन बालवाडी सुटायच्या वेळेला संपायचं. पोरींना आणायचं, जेवायला घालायचं, सगळं त्या वेळेवर टांगलेलं होतं. ही बातमी त्याच्या मोठ्या बहिणीच्या कानावर गेली आणि ती दुसऱ्याच दिवशी गाडी बदलून बदलून येऊन थडकली.

"धाकटीला मी नेते," आत्या पर्स खाली ठेवायच्या आधीच म्हणाली. "थोरली मोठी आहे, तिचं ती बघेल. कपाटातला एक खण रिकामा पण केलाय मी."

"अक्का, अजून काही ठरलं नाहीये."

"तुझ्या पोटाकडे बघितलं की ठरलेलंच दिसतंय."

धाकटीने मानेभोवतीची मिठी अशी आवळली की त्याला ठसका लागला. त्याने स्वतःच्या आत डोकावून बघितलं. तिला नेलं तर काय वाटेल? आत काहीच हललं नाही. त्याला त्याचीच जरा भीती वाटली, तेवढीच.

"वजन कमी करतो," तो म्हणाला.

आणि केलंही. एकशे एकवरून सुरुवात केली. साखर बंद, भात अर्धा, बिस्किटं थोरलीच्या ताब्यात. आठ किलो कसे भराभर उतरले. मग त्र्याण्णववर येऊन काटा जो बसला तो ढिम्म हलेना.

सल्ल्यांना मात्र ऊत आला. जोडीदार काडी हा नावाप्रमाणे दिसायचा आणि दिवसभर चरायचा. तो म्हणाला, "बल्बदादा, घाम काढ. घामातून निघतं सगळं." म्हणून बल्ब भर उन्हात रेनकोट घालून चालत बालवाडीत गेला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्याला बघून तीन आयांनी आपापल्या पोरांना घाईघाईने स्वेटर चढवले. ड्रायव्हर म्हणाला दोरीवरच्या उड्या मार. त्याने स्वयंपाकघरात मारल्या, धाकटीला पाठीवर बांधून. सातव्या उडीला खालच्या काकूंची ट्यूब फिटिंगसकट निखळून त्यांच्या डाळीच्या पातेल्यात पडली. काकू वर आल्या.

"काय चाललंय काय?"

"व्यायाम, काकू."

"कोणाचा? माझ्या छताचा?"

मग त्याने जाऊन ट्यूब बसवून दिली. शहरभर खांबावर चढणाऱ्या माणसाने स्टुलावर चढताना दोनदा विचार केला.

काडीला काट्याचाच संशय होता. "घरचा काटा बिघडला असेल रे. मेडिकलबाहेर मोठा आहे, त्याच्यावर बघ."

बघितलं. धाकटी कमरेवर होतीच. एकशे पाच. वजा बारा. दोन काटे एकच सांगतायत म्हटल्यावर काडीने तो नाद सोडला.

"तू चोरून खातोस," थोरली एकदा म्हणाली.

"नाही ग."

"मग कुठे जातंय ते?"

कुठे जातंय हे ती रोज रात्री डोळ्यांनी बघत होती. आई गेल्यावर धाकटीने खाणं सोडलं होतं. हाताची हाडं दिसायला लागली होती. मग एक दिवस तिने बाबाच्या ताटातला भात उचलला. स्वतःच्या ताटातला नाही, त्याच्याच ताटातला. तेव्हापासून तेच. तो अर्धा भात घ्यायचा, त्यातला निम्मा ती खायची, अंडं तर पूर्ण तिचं. तो तिच्याकडे बघत बसायचा. भूक लागलीय की नाही हेही त्याला नीट कळायचं नाही.

सहा महिने संपले. साहेबांनी निरोप धाडला: उद्या पाळण्यात चढायचं. भोंगा वाजला तर तिथूनच स्टोअर. आत्याचा फोन आला. "मी परवा येते न्यायला. तिचे कपडे धुवून ठेव. आणि ती उशी, ती जिच्यावर झोपते ती."

"बरं," तो म्हणाला. फोन ठेवला आणि कपडे भिजत घातले.

सकाळी थोरली सवयीने फरशीवर पालथी पडली. बाबा काट्यावर चढला.

"एकशे पाच. जाऊ दे ना बाबा आता. उतर."

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मला."

"काय मला?"

"माझा नंबर. तुमचाच असतो रोज." तिने त्याच्या खांद्यावर दोन्ही हात टेकून स्वतःला मागे ढकललं. "सोड. बाबा, सोड ना."

त्याला काय सोडायचं ते कळेना. तिने पाय झाडले, त्याच्या पोटावरून घसरत खाली आली आणि त्याला काट्यावरून ढकललं. "सरक." मग ती काट्यावर उभी राहिली, हात मागे बांधून, हनुवटी वर. रडली नाही. वरच्या मजल्यावर कुत्राही गप्प होता.

थोरलीने काचेत बघितलं. मग काच फ्रॉकने पुसली आणि परत बघितलं.

"बाबा."

"काय?"

"पंधरा. पंधरा आणि थोडं वर."

"बाराची आहे ती."

"अरे, पंधरा दाखवतंय."

"आईने बारा सांगितलं होतं."

थोरली गुडघ्यांवर बसली. तिने एकदा धाकटीकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते तेव्हा सांगितलं होतं."

धाकटी काट्यावर उभी होती, तिला तो आकडा आपलाच आहे याचा अभिमान वाटत होता. मग थोरलीने तिला उचलून बाजूला ठेवलं आणि बाबाला एकट्याला चढवलं. त्याला कसं उभं राहायचं ते आठवेना. कंबर आपोआप डावीकडे जात होती.

"नव्वदच्या आत आहेस," थोरली म्हणाली. "थोडासाच. पाणी पिऊ नकोस आता."

बालवाडीच्या फाटकापर्यंत धाकटी चालत गेली. रोज तिथे मिठी सोडवायला बाईंना बाहेर यावं लागायचं, एक हात एकीने, दुसरा दुसरीने. आज बाई पदर खोचून तयारच होत्या. धाकटी त्यांच्या बाजूने आत गेली. चपला काढून ओळीत ठेवल्या, एक उलटी होती ती सरळ केली आणि गेली. मागे बघितलं नाही.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "सुटलात की तुम्ही."

"हो," तो म्हणाला. तरी थोडा वेळ तिथेच उभा राहिला.

चौकात गाडी लागली होती. साहेब छत्रीखाली, ड्रायव्हर कानात बोटं घालून, आणि भोंग्याची आठवण असलेले दोन दुकानदार पायरीवर. काडी आधीच पाळण्यात चढून केळं खात होता.

"ते केळं टाक," ड्रायव्हर ओरडला. "त्याचं पण वजन आहे."

"खाल्लं की नाही राहणार," काडी म्हणाला.

बल्ब पाळण्यात चढला. दार लावलं. पट्टा अडकवला. सगळे कान झाकून उभे होते. भोंगा वाजला नाही. गाडीचा हात कुरकुरला आणि वर निघाला. साहेब जरा नाराज दिसले. छत्री आणून त्यांना काहीच बघायला मिळालं नाही.

खिशात फोन थरथरला. आत्या होती.

"अक्का, येऊ नकोस उद्या. पाळणा चालला."

"म्हणजे? मग तो खण?"

"तुझं काहीतरी ठेव त्यात."

छपरं खाली गेली, पाण्याच्या टाक्या खाली गेल्या. लांबवर बालवाडीचं निळं पत्र्याचं छप्पर दिसत होतं आणि त्याच्यापुढे अंगणात ठिपके पळत होते. त्यातला आपला कुठला हे इतक्या वरून कळत नव्हतं. तरी तो बघत राहिला.

"बल्बदादा, पाना दे," काडी म्हणाला.

बल्बने उजव्या हाताने पाना दिला.

"दोन्ही हात लाव की. झाकण जड आहे."

"लावतो."

"मग लाव ना. तो हात असा का धरलायस?"

बल्बने बघितलं. डावा हात कोपरात वाकवून कमरेशी धरलेला होता, तळवा वर, बोटं जरा आत मिटलेली. त्याने तो खाली सोडला. झाकणाला हात लावला, काडीने स्क्रू काढले, जुना दिवा निघाला, नवा बसला. काम संपून ते पुढच्या खांबाकडे निघाले तेव्हा काडीने त्या हाताकडे परत पाहिलं. हात पुन्हा तिथेच जाऊन बसला होता.

या वेळी काडी जरा बाजूला सरकला, आणि तेवढी जागा त्याने रिकामी ठेवली.