घरामागं आणून बांधलेला धूर

हे सांगावं का नको, ह्यातच माझे लई दिवस गेले, मित्रांनो. सांगणारच न्हवतो. भंगाराचं कोण ऐकतंय?

मी उमरग्यातल्या एका डिझेलच्या टमटमचं जुनं इंजिन आहे. टमटम आता न्हाय. पत्रा, चाकं, सीट, सगळं गेलं. मी तेवढा उरलो.

माझ्या मालकानं, कुमारनं, मला लई पळवलं. बाजाराच्या दिवशी आत दहा माणसं, मागं लटकलेली वेगळीच. वेळ अमावस्येला, शेतातल्या पूजेच्या सणाला, शेताकडं निघालेल्या बायका, मांडीवर आंबिलीची मडकी, वर लेकरांचा दंगा. कुमारची आई पार्वतम्मा चाकाखाली लिंबू ठेवायची. "माझं दुसरं लेकरूच हाय हे," म्हणायची.

पण कुमारच्या पोरीला, प्रतीक्षाला, दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, धुरापासनं लांब ठेवा. मग कुमारनं बॅटरीची हिरवी रिक्षा आणली. नाक्यावर रिक्षाला हार, कुमारला शाल. "उमरग्याचा धूर गेला!" कुणीतरी ओरडलं. मी भिंतीकडंला उभा. वाईट वाटलं, पण राग न्हाय आला. पोरीच्या छातीसाठी भंगारात जायचं, तर जाऊ की.

पण लाईट! गेली की कवा येईल, कुणाला ठाव. रिक्षा जाग्यावर, माणसं दुसऱ्याच्या गाडीत. तवा वेल्डर गौरीशंकर हसत म्हणला, "कुमारभाऊ, जुनं इंजिन ठिवलाव न्हवं? त्येला जनरेटर जोडू. बिनघोर चार्ज करा."

मला घरामागं विटांवर बसवलं. धुराची नळी गेली मागच्या खिडकीपाशी. तिथंच प्रतीक्षा अभ्यासाला बसते.

"पप्पा, गाडी धूर सोडत न्हाय म्हणलाव न्हवं?"

"गाडी कुठं सोडतीय? इंजिन सोडतंय."

ज्वारी निवडता निवडता पार्वतम्मा म्हणली, "रस्त्यावरचा धूर घरामागं आणून बांधलास की रे."

"मग काय करू, आई? रिक्षा उभी ठिवू?"



ह्या वेळ अमावस्येला सकाळीच लाईट गेली. सगळ्यांना शेतात न्यायचं, अन् बॅटरी रिकामी. कुमारनं हँडल मारलं. मी पेटलो. मला तेवढंच येतं. आत शेंगा-पालेभाज्यांची भज्जी झाली, आंबील मडक्यात भरली, अन् अयोध्याची, पोरीच्या आईची, हाक आली, "अवं, हिकडं या! पोरगी बघा!"

ओठ निळे पडले होते. शेताला निघालेली रिक्षा दवाखान्याला पळाली. मित्रांनो, तिचा श्वास अडवला म्या. अन् तिला डॉक्टरकडं नेणारी बॅटरी भरली ती बी म्याच.

ती वाचली. घरी आल्यावर कुमारनं खिडकी खिळे मारून बंद केली. मला न्हाय बंद केलं.

बॅटरीच्या गाड्या वाईट न्हाईत. नाक्यावरची हवा खरंच हलकी झाली. पण त्यांच्या पोटातली वीज कुठनं आली, हे बी विचारा. भूम तालुक्याकडं डोंगरावर पवनचक्क्या फिरतेत म्हणं. आमच्या पत्र्यावर उन्हाळ्यात असं ऊन पडतंय, की हात टेकवत न्हाय. त्या उन्हाला कुणी कामाला लावलं न्हाय. मलाच लावलं.

काल प्रतीक्षा माझ्यापाशी येऊन बसली. थंड टाकीवर हात ठेवून म्हणली, "तुला सांगून काय उपयोग?" तेवढं बोलायला बी तिला मधी थांबावं लागलं.

उपयोग हाय, पोरी. मैत्रीण म्हणावी अशी मला तू एकच. उद्या लाईट जाईल. कुमार किती बी हँडल मारू दे. मी पेटणार न्हाय.