धाकट्या पेटीचा दात

दांड्याच्या मुठीला चिकटलेली नारळाची वडी.

खडीचा एक पट्टा, चार ढांगांत संपणारा.

“सोयरे भेटल्यावर आदी वळख होते, मंग मिठी.”

भरतीचं पाणी येताना आवाज करत नाही.

रॉकेलच्या ताटलीत एक दात.

मित्रांनो, हे सगळे तुकडे माझेच. आता त्यांना जोडणारी मी.

मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. चारही चाकांनी ओढणाऱ्या ट्रकच्या पोटाखाली, मोठ्या गिअरबॉक्सच्या मागे माझी जागा. पुस्तकात मला ट्रान्सफर केस म्हणतात. घरचे लोक म्हणायचे धाकटी पेटी. इंजिनाचं बळ पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणं हे माझं काम. माझा दांडा वेगळा आहे. तो वर असला की हाय, म्हणजे रस्ता. खाली असला की लो, म्हणजे चिखल. लोमध्ये ट्रक गाभण म्हशीसारखा चालतो, पण रुतलेलं काहीही ओढून काढतो. दोन्हींच्या मधे एक रिकामी जागा आहे. माझी गोष्ट त्या रिकाम्या जागेची आहे.

मला एकच शब्द बोलता येतो: कर्रर्र. मी गप्प असले की समजावं, सगळं ठीक आहे.

तरुणपण सैन्यात गेलं. मग लिलाव झाला आणि बळीराम मला पनवेलजवळच्या आपल्या गावी घेऊन आला. त्याची मिठागरं केव्हाच इमारतींखाली गेली होती, पण चिखलाची नस त्याला ठाऊक होती. खाडीत रुतलेल्या होड्या, भरावावर अडकलेले डंपर, सगळ्यांना आम्ही बाहेर काढलं. लोक म्हणायचे, “बळीरामचा ट्रक चिखल खातो.” मला हे ऐकायला आवडायचं.

तो मुलाला, मिथुनला, अंगणात शिकवायचा. भाविका, मिथुनची धाकटी बहीण, मधल्या सीटवर बसलेली असायची. तिला कोणी शिकवत नव्हतं.

“चिखलात शिरायच्या आदी थांबायचं. टनक जागेवर. क्लच दाब, मोटा गिअर न्यूट्रलला. आता धाकटीचा दांडा मदी आन. दम धर.”

“धरला.”

“कुटं धरलास? खाली खेच आता, हळू. नाय जात? मंग जोर नाय लावायचा. क्लच जरासा सोड, परत दाब. दात सरकतात. सोयरे भेटल्यावर आदी वळख होते, मंग मिठी.”

“बाबा, आता सोयरे मोबाईलवरच भेटतात.”

बळीराम हसला. मिथुनने दांडा खेचला. मी कर्रर्र म्हणाले.

पुढे बळीरामचे गुडघे गेले. क्लच दाबवेना. चावी कुणाला द्यायची, हा प्रश्न त्या घरात पडलाच नाही.

मिथुन वाईट मुलगा नव्हता. त्याने ट्रकला नवा रंग दिला, रंगीत दिवे लावले. हळदीच्या रात्री कामोठ्यापर्यंत आमच्यावर स्पीकर वाजायचे, लोक ट्रकसोबत फोटो काढायचे. माझं तेल बदलायचं राहिलं. दांड्याला मात्र चकचकीत मूठ आली.

नारळी पौर्णिमा.

काशिराम कोळ्याचा टेम्पो खाडीच्या उतारावर चिखलात बसला. टेम्पोत होडीचं नवं इंजिन. जुनं गेल्या हंगामातच निकामी झालं होतं. हे बुडालं तर होडी वर्षभर किनाऱ्यावर. भरती सुरू झाली होती. काशिरामची बायको गोदूबाई पूजेचा नारळ हातात धरून पाण्याकडे बघत उभी होती.

मिथुन ट्रक घेऊन आला. शेजारी भाविका, राखीचं ताट मांडीवर. त्याच्या तोंडात नारळाची वडी, उरलेला तुकडा मुठीला चिकटलेला. चिखलाच्या अलीकडे खडीचा एक पट्टा होता. टणक. थांबण्यासारखा.

“दादा, इथेच थांब. लो टाक.”

“तू ओवाळणीचं बग. गाडीचं नको शिकवू मना.”

“बाबा काय म्हणतात? दम धर ना!”

“लोकं मोबाईल धरून उभी हायेत आनि मी दम धरू?”

खडी मागे गेली. चाकं चिखलात शिरली, फिरायला लागली, आणि मग त्याला लो आठवला. आता थांबलो तर आपणही रुतू, या भीतीने त्याने चालत्या ट्रकात दांडा खाली खेचला. रिकाम्या जागेत तो क्षणभरही थांबला नाही.

मी ओरडले. एकच शब्द येतो मला. त्याने आणखी जोर लावला.

खाट.

दात गेला. इंजिन गुरगुरत राहिलं आणि चाकं मेली. मिथुन दांडा पुढे-मागे करत राहिला.

“उतर रं बाला,” काशिराम म्हणाला. “पानी आयलं.”

आम्ही सगळ्यांनी टेम्पो बुडताना पाहिला. काशिराम त्या वर्षी कंटेनर यार्डात पहारा करायला गेला.

संध्याकाळी बळीरामने ओट्यावरून विचारलं, “लो कुटं टाकला?”

“चिखलात.”

“खडी सोडून?” मग तो मिथुनकडे नाही, भाविकाकडे वळला. “तू होतीस ना गं तितं?”

“होते.”

“मंग?”

भाविकाने थेट त्याच्याकडे पाहिलं. त्यानेच मान खाली घातली.

आता मी पळस्प्याच्या एका गॅरेजमध्ये उघडी पडले आहे, तुटलेला दात शेजारी रॉकेलच्या ताटलीत. मेकॅनिक म्हणतो, या पेटीचे दात आता मिळत नाहीत. भाविका कधीकधी येते, माझं दातेरी चाक बोटाने फिरवते. तुटक्या दाताची रिकामी जागा येते, जाते.

मित्रांनो, तुमच्या हातात कसलाही दांडा आला तर मधल्या जागेत जरा थांबा. यंत्र ओरडलं तर जोर लावू नका, हात काढा. आणि शेजारी बसलेलं कोणी थांब म्हणालं, तर ते कोण आहे हे बघण्याआधी थांबा.

त्या पौर्णिमेच्या आधी एकदा बळीरामला दवाखान्यातून आणताना, मिथुन परगावी गेला होता म्हणून, भाविकानेच हा ट्रक चालवला होता, खाडीकाठी ती खडीवर थांबली, तिने मला लोमध्ये टाकलं, माझा आवाज आला नाही, आणि बळीराम म्हणाला होता, “घरात कुनाला सांगू नको.”